तीन कॉर्ड आणि एकच ठेका: अमेरिकन रूट्स संगीतात फरक ऐकायचा कुठे?

पाऊलवाट

नमस्कार. अमेरिकाना (अमेरिकेतल्या लोकगीत, कंट्री, ब्लूज यांतून आलेलं संगीत) आणि त्यामागचं जुनं रूट्स संगीत सध्या क्रमाने ऐकतो आहे. यादीत कार्टर फॅमिली, मिसिसिपी जॉन हर्ट, बिल मन्रो, एलिझाबेथ कॉटन आहेत, पुढे जॉन प्राइन, टाउन्स व्हॅन झँट आणि गिलियन वेल्च. अडचण अशी की बहुतेक गाणी तीन कॉर्डांत आटोपतात: जी, सी, डी आणि परत जी. ठेकासुद्धा 'बूम-चक, बूम-चक' एवढाच. आवाज आवडतात, शब्द कळतात, तरी अर्ध्या तासात एक गाणं दुसऱ्यात मिसळायला लागतं. जाणकारांना मात्र पहिल्या दोन ओळींत कळतं की गिटारवरचा हा हात कार्टर फॅमिलीतल्या मेबेल कार्टरचा आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कॉर्ड तेच असतील तर फरक नेमका कशात ऐकायचा? १९२० च्या दशकातल्या एकाच तबकडीच्या पाच-सहा आवृत्त्या मिळतात, त्यांतली कोणती घ्यायची? आणि एकच गाणं चौघांनी गायलेलं असतं तेव्हा तुलना कशी करायची? गिटारवर साधे कॉर्ड आणि कॅपो (पट्टी वर नेण्यासाठी तारांवर लावायचा चिमटा) एवढं येतं, त्यामुळे उत्तर तांत्रिक असलं तरी चालेल.

मंद्र

फरक उजव्या हातात आहे. डावा हात कॉर्ड धरतो आणि तिथे सगळे जवळपास सारखेच. उजव्या हाताचा अंगठा काय करतो ते ऐकायला लागलात की माणसं वेगळी दिसू लागतील.

त्याआधी एक तयारी. फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. गिटारच्या खालच्या, म्हणजे खर्जातल्या जाड, तीन मोकळ्या तारा साधारण ८२, ११० आणि १४७ हर्ट्झवर बोलतात. फोनचा छोटा स्पीकर एवढं खाली नीट पोचत नाही, म्हणजे अंगठ्याचं कामच पुसलं जातं आणि उरतो नुसता 'चक'. सगळी गाणी सारखी वाटण्याचं हे एक अगदी साधं कारण असू शकतं. बरे हेडफोन लावा.

आता मेबेल कार्टर. तिने बहुतेकांच्या उलट केलं. एरवी चाल वरच्या बारीक तारांवर आणि खाली बेस असतो. मेबेल अंगठ्याने खालच्या जाड तारांवर *चाल* वाजवते आणि दोन स्वरांच्या मधल्या जागेत तर्जनीने वरच्या तारांवरून कॉर्ड घासते. याला 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात. १९२८ सालचं 'वाइल्डवुड फ्लॉवर' लावा आणि गाणं पूर्ण सोडून फक्त जाड तारा ऐका. सारा कार्टर गाते तीच चाल खाली गिटारवर चाललेली सापडेल. एकच वाद्य चाल, ताल आणि कॉर्ड तिन्ही सांभाळतं. गिटार तोवर बरेचदा नुसत्या साथीचं वाद्य होतं, ते पुढे आलं त्यात या हाताचा वाटा फार मोठा आहे.

मिसिसिपी जॉन हर्टकडे आलात की उलटा प्रकार. त्याचा अंगठा चाल वाजवत नाही, तो घड्याळासारखा चालतो. सी कॉर्ड असेल तर पाचव्या तारेवर सी, मग चौथीवर ई, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी, एका आवर्तनात चार ठोके. वर तर्जनी आणि मधलं बोट चाल वाजवतात. सगळी गंमत त्या वरच्या स्वरांच्या जागेत आहे: काही स्वर अंगठ्याच्या ठोक्याबरोबर पडतात, काही दोन ठोक्यांच्या बरोबर मधे. ही सरमिसळ गाणं पुढे ढकलते. हर्ट हळू आणि सौम्य गातो म्हणून हात सोपा असेल असं वाटतं, पण १९२८ सालचं 'फ्रँकी' ऐका, हात चांगलाच वेगात आहे.

यासाठी एक व्यायाम. पट्टी न बदलता वेग कमी करणारं कुठलंही ॲप घ्या आणि गाण्याचा वेग ६० टक्क्यांवर आणा. पहिल्या फेरीत फक्त अंगठ्याबरोबर पाय हलवा. दुसऱ्या फेरीत कागदावर आठ आवर्तनांचे ३२ ठोके टिंबांनी काढा आणि वरचा स्वर टिंबावर पडला तर टिंबावर खूण करा, मधे पडला तर मधे. तिसऱ्या फेरीत मूळ वेगावर परत या. ५० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. तिथे सॉफ्टवेअर स्वराची सुरुवात पसरवतं आणि 'बरोबर' की 'मधे' हेच कळेनासं होतं.

मर्ल ट्रॅव्हिस या कंट्री गिटारवादकाचा अंगठाही असाच आळीपाळीने चालतो, पण त्याच्या अंगठ्यात पिक (तार छेडायची नखी) असतं आणि तळहाताची कड जाड तारांवर टेकलेली असते. म्हणून बेसचा स्वर घुमत नाही, 'ठक' असा कोरडा येतो. हर्टचा बेस त्यामानाने मोकळा. हे दोघं ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच.

एलिझाबेथ कॉटनचं प्रकरण खासच आहे. ती डावखुरी होती आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवायची. म्हणजे जाड तारा जमिनीकडे आणि बारीक तारा वर. त्यामुळे तिचा बेस बोटांनी येतो आणि चाल अंगठ्याने. अंगठ्याचा घाव जड असतो, म्हणून तिच्या चालीतले स्वर गोल आणि भरीव येतात आणि बेस एरवीपेक्षा हलका. उजव्या हाताने वाजवणाऱ्याने 'फ्रेट ट्रेन' अगदी अचूक बसवलं तरी तो तोल हुबेहूब येत नाही, याचं कारण हे.

तेच गाणं 'तीन कॉर्ड' या तक्रारीवरचं उत्तरही आहे. सी पट्टीत पहिल्या दोन ओळी सी आणि जीवर जातात. तिसरी ओळ सुरू होताना अचानक ई *मेजर* येतो आणि तिथून एफ. सी हा सा धरला तर जी म्हणजे पंचम, ईमधला जी शार्प म्हणजे कोमल धैवत आणि एफमधला ए म्हणजे शुद्ध धैवत. कॉर्डांच्या आत एक आवाज पंचमावरून पायरी-पायरीने वर चढतो. ती तिसरी ओळ काळजाला लागते ती या एका कोमल धैवतामुळे.

काळी तबकडी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. १९२५ नंतर मायक्रोफोनने मुद्रण सुरू झालं आणि त्यामुळे या तबकड्या आधीच्यांपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहेत. तरी पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर त्यांत फारसं काही नाही. घोळ असा की तारेवर नख आपटण्याचा आवाज, 'स'-'श' सारखी व्यंजनं आणि तबकडीची खरखर हे सगळं शेजारी-शेजारी राहतं. खरखर संपूर्ण काढायला गेलं की नखाचा घावही जातो आणि गिटार पाण्याखाली वाजल्यासारखी होते. म्हणून थोडी खरखर ठेवलेली आवृत्ती घ्या. पारखायचं असेल तर गाण्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद ऐका. तिथे एकदम मेलेली शांतता असेल आणि गाणं सुरू झाल्यावर आवाजाभोवती सळसळ येत-जात असेल, तर सफाई जास्त झाली आहे.

जुन्या एकाच वाहिनीच्या मुद्रणाला नंतर कृत्रिम स्टिरिओ केलेल्या आवृत्त्याही फिरतात. त्या टाळा. दोन बाजूंना वेगवेगळ्या कंप्रता वाटलेल्या असतात आणि अंगठा एका कानात, तर्जनी दुसऱ्या कानात अशी फाळणी होते. मंद्र यांनी सांगितलेला व्यायाम अशा आवृत्तीवर जमणारच नाही.

सोबत गिटार वाजवून पाहिली आणि सूर जुळला नाही तर लगेच स्वतःच्या कानाला दोष देऊ नका. तेव्हा तबकड्यांचा वेग मिनिटाला अगदी ७८ फेरे असेलच असं नव्हतं आणि वाजवणारे आपापसांत जुळवून घेत, बाहेरच्या कुठल्या ट्यूनरशी नाही. ॲपमध्ये पट्टी सेंटमध्ये सरकवता येते. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. २०-३० सेंट वर-खाली करून आपल्या गिटारशी जुळवा आणि मग कॅपो कुठे लावायचा ते ठरवा.

गाणी तीन मिनिटांच्या आसपास का संपतात हेही त्यातच आलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढीच जागा. वीस कडव्यांचं कथागीत असेल तर चार-पाच कडवी ठेवून बाकीची गाळली जात. म्हणून गोष्टीत मधेच उडी वाटली तर तो बरेचदा तबकडीचा परिणाम असतो. शब्दांचंही तसंच. 'वाइल्डवुड फ्लॉवर' मुळात १८६० सालचं छापील बैठकीतलं गाणं. तोंडातोंडी फिरताना त्यातल्या फुलांची नावं आणि विशेषणं एवढी बदलली की कार्टर फॅमिलीच्या पहिल्या कडव्यातल्या काही शब्दांना अर्थच उरला नाही. तिथे अर्थ शोधत बसू नका.

इतिहासाचा एक धागा मात्र जोडायलाच हवा, नाहीतर अंगठ्याची गोष्ट अर्धी राहते. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअरने व्हिक्टर कंपनीसाठी मुद्रणं केली. कार्टर फॅमिली आणि कंट्री गायक जिमी रॉजर्स दोघंही तिथे पहिल्यांदा मुद्रित झाले. पीअरचं उत्पन्न गाण्यांच्या हक्कांवर होतं, म्हणून त्याला आधी कुणी हक्क न घेतलेली गाणी लागत. मग कार्टर फॅमिलीतला ए. पी. कार्टर डोंगरातून गाणी गोळा करत हिंडू लागला. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल असे. किंग्सपोर्टचा हा कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. शब्द उतरवून घेई आणि चाल रिडलच्या डोक्यात राही. मेबेलही त्याच्याकडून गिटारच्या काही पद्धती शिकली.

ट्रॅव्हिसच्या अंगठ्यामागेही असंच नाव आहे. पश्चिम केंटकीतला आर्नल्ड शुल्ट्झ, कृष्णवर्णीय, १९३१ मध्ये गेला आणि त्याचं एकही मुद्रण नाही. त्याची पद्धत केनेडी जोन्सकडे, तिथून मोझ रेगरकडे आणि मग ट्रॅव्हिसकडे आली. तरुण बिल मन्रोही शुल्ट्झबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. तबकडी कंपन्यांनी मात्र गोऱ्यांचं 'हिलबिली' आणि कृष्णवर्णीयांचं 'रेस' अशा दोन याद्या केल्या. आजही ऐकताना आपण त्याच याद्या पाळतो, कंट्री वेगळं आणि ब्लूज वेगळं. कृष्णवर्णीय हर्ट आणि गोरा ट्रॅव्हिस पाठोपाठ लावा. दोन याद्या, पण अंगठा एकाच गोतातला.

बँजोचंही तेच. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी भोपळ्याच्या वाद्यातून तो अमेरिकेत घडवला. रिआनन गिडन्स आणि तिचे कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्समधले साथी नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्पसन या वयस्क फिडलवादकाकडे शिकायला जात. त्यांचा २०१० सालचा अल्बम या वंशावळीसाठी ऐकाच.

पाऊलवाट

फार उपयोगी. एक उपप्रश्न. कार्टर फॅमिलीची गाणी चार-चार मोजत ऐकली की ओळीच्या शेवटी मोजणी पुढेमागे होते. पुढची ओळ कधी दोन मात्रा उशिरा सुरू होते, कधी लवकर. चूक मोजण्यात आहे की गाण्यातच असं आहे?

मंद्र

गाण्यातच आहे आणि ती चूक नाही. अशा चालींना तिकडे 'क्रुकेड' म्हणजे वाकडी चाल म्हणतात. गाणाऱ्याचा श्वास आणि ओळीची लांबी हे माप, गिटार त्याच्यामागे जाते. चारऐवजी *दोन-दोन* मात्रा मोजा. 'बूम-चक' ही जोडी कधी तुटत नाही, जोड्यांची संख्या तेवढी बदलते. एका कडव्यात ओळीमागे जोड्या किती ते लिहून ठेवा आणि पुढच्या कडव्याशी ताडून पाहा. बरेचदा वाकडेपणा प्रत्येक कडव्यात त्याच जागी सापडतो, म्हणजे तो चालीचाच भाग आहे. नंतरच्या गायकांनी ही गाणी सरळ चार-चारात बसवली. वाजवायला सोपी झाली, पण ओळीनंतरचा तो थांबा गेला.

जिमी रॉजर्सही असाच मोकळा. १९३० सालच्या 'ब्लू योडल नंबर ९' मध्ये लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आणि लिल हार्डिनचा पियानो आहे, तबकडीवर दोघांचंही नाव नव्हतं. रॉजर्स ओळ हवी तशी लांबवतो आणि आर्मस्ट्राँग त्याच्या ओळीआड न येता बरोबर रिकाम्या जागेत शिरतो. एक फेरी नुसती ट्रम्पेट कधी *थांबतो* एवढंच ऐका.

बँजोबद्दल लिहायचं राहिलं. अर्ल स्क्रग्जचा 'रोल' म्हणजे आठ समान स्वर, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने आळीपाळीने काढलेले. पुढे जाणारा रोल ३+३+२ असा पडतो. खाली डबल बेस १ आणि ३ वर, मँडोलिनचा 'चॉप' २ आणि ४ वर. सरळ चाराच्या अंगावर तीन-तीन-दोन घसरत जातं, त्यामुळे वेग आहे त्याहून जास्त वाटतो. चॉपच्या वेळी मँडोलिनवाला तार छेडल्याबरोबर डाव्या हाताची पकड सैल करतो, म्हणून स्वर न घुमता तुटतो. ब्लूग्रासमध्ये, म्हणजे मन्रोच्या वाद्यवृंदातून पुढे आलेल्या या तंतुवाद्यांच्या शैलीत, ड्रम नसतो, ते काम हा चॉप करतो.

काळी तबकडी

छोटी भर: तीन बोटांची पद्धत स्क्रग्जने शून्यातून काढली नाही. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात स्नफी जेन्किन्ससारखे लोक ती आधीपासून वाजवत. स्क्रग्जने १९४५ च्या डिसेंबरात मन्रोच्या वाद्यवृंदात येऊन तिला एवढी सलग आणि स्वच्छ धार दिली की पुढे सगळ्यांनी तीच प्रमाण मानली.

शब्दवेडा

तिसऱ्या प्रश्नासाठी 'ब्लू मून ऑफ केंटकी' घ्या, कारण त्यात फरक कानाला लगेच कळतो. मन्रोचं १९४६ सालचं मुद्रण तीन मात्रांचं, संथ वॉल्ट्झ. १९५४ च्या जुलैत एल्विस प्रेस्लीने ते मेम्फिसच्या सन स्टुडिओत चार मात्रांत आणि वेगात गायलं. ड्रम नाही, बिल ब्लॅकचा डबल बेस तारा बोटफळीवर आपटून ताल देतो. त्याच वर्षी मन्रोने ते पुन्हा मुद्रित केलं: सुरुवात तीन मात्रांची आणि मग मधेच चारात उडी. तिन्ही सलग ऐका आणि प्रत्येकात शीर्षकाची ओळ किती मात्रांत बसते ते मोजा. तीनमधून चारात जाताना कुठल्या अक्षरावर जोर सरकतो ते पकडा. चाल तीच राहून भाव विरहातून उसळीकडे जातो तो तिथे.

शब्दप्रधान गाण्यांत आधी बोलणारा कोण ते ठरवा. जॉन प्राइनचं 'एंजल फ्रॉम माँटगोमेरी' १९७१ च्या पहिल्याच अल्बममधलं. विशीतला तरुण ते वयस्क बाईच्या तोंडून गातो आणि हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. १९७४ मध्ये बॉनी रेटने गायलं तेव्हा गाणारी आणि बोलणारी यांतलं अंतर कमी झालं. प्राइनचं ऐकताना आपण त्या बाईकडे बाहेरून पाहतो, रेटचं ऐकताना तिच्या स्वयंपाकघरात उभे असतो. दोन्ही हवीत.

टाउन्स व्हॅन झँटचं 'पँचो अँड लेफ्टी' (१९७२) ऐकताना काय *सांगितलेलं नाही* याची यादी करा. लेफ्टीने दगा दिला असं गाण्यात कुठेच थेट म्हटलेलं नाही. दोन घटना शेजारी ठेवल्या आहेत आणि पैसा कुठून आला हे कुणाला ठाऊक नाही, एवढंच. शिवाय धृवपद परत येताना त्यातले एक-दोन शब्द बदलतात आणि त्याबरोबर बोलणाऱ्यांचं वय वाढतं. विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्डची १९८३ ची आवृत्ती कंट्रीच्या यादीत पहिली आली. ती भरदार आहे, पण शब्दांमधली पोकळी ऐकायची तर टाउन्सचीच आधी लावा.

गिलियन वेल्चचा २००१ सालचा 'टाइम (द रेव्हलेटर)' मात्र सुटी गाणी काढून ऐकू नका. त्यात १४ एप्रिल या तारखेभोवती दोन गाणी आहेत: १८६५ मध्ये लिंकनवर गोळी झाडली, १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळलं, १९३५ मध्ये धुळीच्या वादळाचा काळा रविवार, तिन्ही त्याच तारखेला. तारीख माहीत नसेल तर ती गाणी तुकड्यांची वाटतात. वाद्यं म्हणाल तर दोन आवाज आणि बहुतेक वेळ दोनच गिटारी. तिचा साथीदार डेव्हिड रॉलिंग्ज याची छोटी १९३५ ची एपिफोन गिटार मधल्या पट्ट्यात टोकदार बोलते, वेल्चची गिब्सन खाली रुंद पसरते. म्हणून दोन्ही एकमेकींवर चढत नाहीत. रॉलिंग्ज मुद्दाम कॉर्डबाहेरचा स्वर धरून ठेवतो आणि उशिरा सोडवतो. तो कधी सोडवतो तिकडे कान ठेवा.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. कान कितपत तयार झालाय ते पारखायला एखादी जागा सांगाल का?

मंद्र

स्क्रग्जचं 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन', डिसेंबर १९४९ चं मूळ मुद्रण. गाणं जीमध्ये आहे. काही आवर्तनांनी बँजो ई मायनरच्या वळणावर जातो, पण त्याच वेळी मागे लेस्टर फ्लॅट गिटारवर ई *मेजर* वाजवतो. बँजोत जी, गिटारमध्ये जी शार्प, दोन्ही एकदम. पहिल्यांदा ऐकताना नुसती किंचित धार जाणवते, कारण बँजो पुढे आणि गिटार मागे आहे. हेडफोनवर ७० टक्के वेगाने ती जागा तीन-चारदा लावा आणि बँजो सोडून फक्त गिटारचा 'चक' धरून राहा. दोन गंधार (ई हा सा धरून) वेगळे ऐकू आले की मूळ वेगावर जा. नंतरच्या वादकांच्या आवृत्त्यांत तिथे गिटारही बहुधा ई मायनरच धरते, त्यामुळे ही धार त्यांत मिळत नाही. त्यातली एखादी लगेच शेजारी लावून पाहा.